तांबड्या रानातला वणवा

चेर्नोबिलच्या रानातलं किरणोत्सर्गी सीझियम आज नेमकं कुठं आहे, हे कळलं की तिथल्या वणव्याची भीती कशाची आणि कुणाला हेही कळतं. 26 एप्रिल 1986 रोजी चौथी अणुभट्टी फुटली, तेव्हा आसपासच्या पाइनवृक्षांनी हवेतले कण सुयांसारख्या पानांवर अडवून धरले. भट्टीला लागून असलेल्या झाडांना इतका मार बसला की ती उभ्या उभ्या तांबडी पडून मेली. ‘तांबडं रान’ हे नाव त्यावरूनच पडलं. ती झाडं आडवी करून चरांत पुरली गेली, पण बाकीचं रान जगलं. पानं गळाली, त्यांचा पाचोळा झाला, पाचोळ्याची माती होऊ लागली. सीझियमचं वागणं पोटॅशियमसारखं असल्यामुळे मुळं ते वर ओढून घेतात आणि पानगळ ते पुन्हा जमिनीवर आणून टाकते. स्ट्राँशियम असंच कॅल्शियमच्या वाटेनं लाकडात शिरतं. दोघांचंही अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास आहे. म्हणून इतक्या काळानंतरही सीझियमचा मोठा भाग पाचोळ्यात आणि मातीच्या वरच्या काही सेंटिमीटरांत आहे, आणि वणवा सगळ्यात आधी हाच थर खातो.

त्यात या रानाला वाली उरला नाही. अपघातानंतर 1986 सालीच एक लाखाहून जास्त माणसं हलवली गेली. शेतं ओस पडली आणि त्यांवर बर्च नि पाइन आपोआप उगवले. सोव्हिएत काळात दाटीनं लावलेल्या पाइनची विरळणी थांबली, पडलेलं लाकूड तिथंच राहिलं, जंगलातल्या वाटा बुजल्या. कीव्हमधले वनशास्त्रज्ञ सेर्गी झिबत्सेव्ह अनेक वर्षं हे सांगत आले आहेत. माणसाविना निसर्ग कसा बहरला, याची छायाचित्रं जगभर छापली जातात. त्या छायाचित्रांतली हिरवी दाटी मला मात्र सरपणाच्या ढिगासारखी दिसते. किरणोत्सर्गामुळे पाचोळा कुजण्याचा वेग मंदावतो आणि इंधन आणखी साचतं, असा निष्कर्ष टिमथी मूसो आणि अँडर्स म्योलर यांच्या चमूनं 2014 साली मांडला. नंतरच्या काही संशोधकांना तसं आढळलं नाही. तो वाद बाजूला ठेवला, तरी साचलेलं इंधन डोळ्यांना दिसतंच.

1992 आणि 2015 साली इथं मोठ्या आगी लागल्या होत्या. एप्रिल 2020 मधली आग त्यांच्याहून मोठी ठरली. हिवाळ्यात बर्फ फारसं पडलं नव्हतं आणि वसंत कोरडा होता. गवत पेटवल्याच्या संशयावरून पोलिसांनी एका तरुणाला पकडलं. शेकडो चौरस किलोमीटर प्रदेश जळला, ओसाड गावांतली लाकडी घरं खाक झाली आणि ज्वाळा प्रिप्यात शहराजवळ पोचल्या. धूर सुमारे शंभर किलोमीटरवरच्या कीव्हवर उतरला.

त्या धुरातून किती सीझियम उडालं? निकोलाओस इव्हांगेलिऊ आणि साबिने एकहार्ट यांच्या अभ्यासानुसार सुमारे 341 अब्ज बेकरेल. आकडा अंगावर येतो खरा, पण 1986 साली उडालेल्या सीझियमचा तो अंदाजे अडीच लाखावा हिस्सा आहे. कीव्हकरांना त्या एप्रिलमध्ये त्रास झाला तो मुख्यतः धुराचाच, किरणोत्सर्गाचा भाग त्यात नगण्य होता. दूर बसलेल्यांची भीती आपल्याला नवी नाही. आयर्लंडहून आलेल्या लोण्यात चेर्नोबिलचा अंश असल्याच्या शंकेवरून 1987 साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तज्ज्ञ समितीनं ते लोणी निर्धोक ठरवलं. शंका विचारणं योग्यच होतं. पण चेर्नोबिलच्या वणव्याबद्दल सगळी चर्चा ‘ढग आमच्यापर्यंत येईल का’ या प्रश्नापाशी थांबते, तेव्हा आगीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस नजरेआड होतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

वासिल योश्चेन्को आणि सहकाऱ्यांनी या भागात छोटे पट्टे मुद्दाम पेटवून मोजमाप केलं. पाचोळ्यातलं सीझियम नि स्ट्राँशियम फार तर चार टक्के उडालं, प्लुटोनियम जेमतेम एक टक्का. बाकी सगळं राखेत राहिलं. पण आगीलगतच्या हवेत या कणांचं प्रमाण एरवीच्या कित्येक पटींनी वाढलं होतं. अग्निशामक त्याच हवेत श्वास घेतो, त्याच राखेत चालतो. बाहेरून बसणारा मारा जागा सोडली की थांबतो. प्लुटोनियमचा कण फुप्फुसात बसला तर तो तिथंच राहून आतून मारा करतो. शिवाय प्लुटोनियम-241 पासून अमेरिशियम-241 तयार होत असतं आणि त्याचं अर्धायुष्य 432 वर्षं आहे. सीझियम दरवर्षी घटतं, अमेरिशियम मात्र अजून काही दशकं वाढत राहील. आज भरती झालेल्या अग्निशामकाला नोकरीभर या वाढत्या साठ्याशी गाठ आहे.

फुकुशिमातही प्रश्न याच जातीचा आहे. तिथं घरांभोवतीच्या रानाची साधारण वीस मीटरपर्यंत सफाई झाली, डोंगर तसेच राहिले. 2017 च्या वसंतात नामिए परिसरातल्या डोंगरावर बरेच दिवस वणवा धुमसत होता.

चेर्नोबिलला काय हवं, ते वनखात्याच्या साध्या भाषेत सांगता येतं: रुंद जाळरेषा, उघड्या वाटा, टेहळणी मनोरे, विरळणी, आणि दलदलीतलं पाणी पुन्हा अडवणं, कारण दलदलीतला अर्धवट कुजलेला थर, म्हणजे पीट, कोरडा होऊन पेटला की आठवडेच्या आठवडे विझत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियन सैन्य याच रानातून कीव्हकडे निघालं आणि मार्चअखेर परतलं. मागं सुरुंग राहिले, अग्निशमनाची साधनं लुटली किंवा मोडली गेली. आता धूर दिसला तरी बंब वाट सोडून आत घालता येईलच असं नाही. जाळरेषेआधी सुरुंग काढणारं पथक लागतं, आणि युद्ध चालू असताना तशी पथकं आधी शेतांकडे नि गावांकडे जातात.