पोट धुतले, पुढे काय?

रात्रीचे दोन वाजलेले असतात. कीटकनाशक प्यालेल्या एका तरुणीला तिचे नातेवाईक सार्वजनिक रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन येतात. पाळीवरचा निवासी डॉक्टर व त्याच्या हाताखालचा इंटर्न नळी घालून तिचे पोट धुतात, अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने देतात, पोलिसांकडे वर्दी देतात. काही दिवसांत धोका टळतो. असा प्रसंग आपल्या रुग्णालयांना नवा नाही, आणि त्या तरुण डॉक्टरांचे श्रेय कोणी नाकारणार नाही. परंतु तिने विष का घेतले आणि घरी परतल्यावर ती पुन्हा घेणार नाही ना, हे पुष्कळदा तिला कोणी विचारीतच नाही. कारण ते कसे विचारावे, हे डॉक्टरांना कोणी शिकविलेले नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी २२,७४६ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. प्रयत्न करून वाचलेल्यांची संख्या याहून कितीतरी पट मोठी असते, आणि पूर्वीचा प्रयत्न ही पुढील धोक्याची सर्वांत ठळक खूण होय. ती खूण प्रथम दिसते ती अपघात विभागातच.

कायद्याने आपले काम केले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरून तिला शिक्षेतून सोडविले व तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ कलम उरलेच नाही. कायद्याने गुन्हेगाराचा रुग्ण केला. खाटेशेजारची दरडावणी मात्र अद्याप संपलेली नाही.

२०२१ च्या नियमांप्रमाणे इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराचे दोन आठवडे सक्तीचे आहेत, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु ते दिवसाच्या बाह्यरुग्ण विभागातच सरले, तर रात्री दोनच्या प्रसंगाला त्यांचा उपयोग काय? एम.बी.बी.एस.च्या परीक्षेत या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. आणि ज्याला प्रश्नपत्रिका नाही त्याचा अभ्यास कसा होतो, हे ज्यांनी कधी वर्गात खडू हाती धरला आहे त्यांना सांगावयास नको.

शिकवावयाचे ते अवघडही नाही. पडदा ओढावा, नातेवाइकांना क्षणभर बाजूस करावे, उपदेश न करता सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने मरणाचा विचार मनात शिरतो, ही समजूत खोटी आहे. घरातील विष व गोळ्या दूर ठेवण्यास घरच्यांना सांगावे. मानसोपचारतज्ज्ञाने पाहिल्याविना रुग्णाला घरी सोडू नये. पुढची तारीख आणि ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक हाती द्यावा. टाके घालणे जसे पुस्तकातून येत नाही, तसे हेही वडीलधाऱ्या डॉक्टरच्या शेजारी उभे राहूनच येते.

गर्दीत एवढा वेळ कोठून आणावा, असे विचारले जाईल. ही अडचण खरी आहे, आणि थकलेल्या निवासी डॉक्टरांवर नवे ओझे लादावे असे आम्ही म्हणत नाही. त्यांची संख्या वाढवावी, त्यांच्या स्वतःच्या मनावरील ताणाचीही कोणी विचारपूस करावी. परंतु वाचविलेला रुग्ण त्याच दारातून पुन्हा आत येतो, आणि कधी कधी येतही नाही, तेव्हा वाचविलेला वेळ कोणाच्या कामी आला? त्या दोन आठवड्यांपैकी निदान एक, मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, अपघात विभागातच जावा, एवढीच आमची वैद्यकीय महाविद्यालयांच्या चालकांकडे मागणी आहे.