फ्लॅपवरच्या पाच काळ्या रेघा

घरात कुत्रा किंवा मांजर असेल, तर गोचीड-पिसवांच्या थेंबांचं एखादं खोकं कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडलेलं असणार. ते घ्या, झाकण उघडा आणि आत खोचली जाणारी पट्टी नीट बघा. औषधांच्या बऱ्याच खोक्यांवर या फ्लॅपवर किंवा कडेच्या घडीवर काही काळ्या रेघा असतात, काही जाड, काही बारीक. खाली आकडे नाहीत, शेजारी खुलासा नाही. हा किमतीचा बारकोड नव्हे. याला फार्माकोड म्हणतात. जर्मनीच्या लेटस कंपनीने तो आणला आणि तो छापला जातो एकाच वाचकासाठी. तो वाचक म्हणजे औषध कारखान्यातल्या पॅकिंग लाइनवर बसवलेला सेन्सर. खोकं चिकटवून बंद झालं की या रेघांचं काम संपलं.

पण त्या आपल्यालाही वाचता येतात. उजवीकडून सुरुवात करायची. पहिल्या जागेची किंमत १, दुसरीची २, तिसरीची ४, मग ८, मग १६, अशी दर वेळी दुप्पट. रेघ बारीक असेल तर जागेची किंमत तशीच घ्यायची, जाड असेल तर दुप्पट धरायची आणि शेवटी बेरीज करायची. समजा डावीकडून रेघा अशा आहेत: बारीक, जाड, जाड, बारीक, जाड. उजवीकडून मोजत गेलं की २, २, ८, १६, १६ असे आकडे मिळतात. बेरीज ४४. आता तेच खोकं उलटं धरा. क्रम होतो जाड, बारीक, जाड, जाड, बारीक, आणि बेरीज येते १, ४, ८, ८, ३२ यांची, म्हणजे ५३. खोकं लाइनवर उलटं आलं तरी यंत्राला कळतं ते असं! कमीत कमी दोन रेघा आणि जास्तीत जास्त सोळा. एवढ्यात ३ पासून १,३१,०७० पर्यंतची कुठलीही पूर्ण संख्या मावते आणि प्रत्येक संख्येची रेघांची मांडणी एकमेव असते. शून्याची गरजच पडत नाही.

त्या दिवशी मशीनला सांगून ठेवलेलं असतं की आज ४४. पुढून ५३ किंवा ४५ आलं की ते खोकं हवेच्या फटक्याने बाजूला फेकलं जातं किंवा सगळी लाइनच थांबते.

एका खोक्यासाठी एवढा खटाटोप का, याचं उत्तर मांजरीच्या यकृतात आहे. कुत्र्यांच्या काही थेंबांमध्ये पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, काहींमध्ये चांगलं ५० टक्क्यांच्या आसपास. कुत्र्याचं शरीर ते मोडून बाहेर टाकतं. मांजरीला ते जमत नाही. नको असलेल्या रसायनांना ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून त्यांची बोळवण करण्याची जी सोय बहुतेक सस्तन प्राण्यांकडे असते, तिच्यातलं एक महत्त्वाचं जनुक मांजरकुळात निकामी होऊन पडलं आहे. (पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीच्या जिवावर बेतू शकते, त्यामागेही हेच कारण.) कुत्र्याचा पर्मेथ्रिनवाला थेंब मांजरीच्या मानेवर पडला तर थोड्याच तासांत तिला कापरं भरतं, झटके येतात आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर ती मरते. म्हणून अशा खोक्यांवर मांजरीचं चित्र आणि त्यावर लाल फुली असते. मांजर आजारी पडते ती औषधाने. पण ते औषध तिच्यापर्यंत पोहोचतं चुकीच्या खोक्यातून किंवा न वाचलेल्या खोक्यातून.

अमेरिकेत सरकारी पातळीवर याची मोठी दखल २००९ साली घेतली गेली. अशा थेंबांमुळे त्रास झाल्याच्या तक्रारी एकदम वाढल्या, तेव्हा तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आधी इशारा दिला आणि मार्च २०१० मध्ये कंपन्यांना पॅकिंग सुधारायला सांगितलं: कुत्र्याचं आणि मांजरीचं खोकं ठळकपणे वेगळं दिसू द्या, वजनाचे गट आणखी अरुंद करा. औषध तेच ठेवून नुसती छपाई बदलली तर जीव वाचतील, असं एका सरकारी खात्याने मानलं, ही मला छपाईच्या इतिहासातली मोठी गोष्ट वाटते.

वजनाचे गटही बघण्यासारखे आहेत. फिप्रोनिल या कीटकनाशकाच्या सर्वपरिचित थेंबांत १० किलोपर्यंतच्या कुत्र्याला ०.६७ मिलिलिटर, २० पर्यंत १.३४, ४० पर्यंत २.६८ आणि ६० पर्यंत ४.०२. मांजरीला अर्धा मिलिलिटर. नाव एक, चित्रं जवळपास सारखी, आणि दोन खोक्यांत फरक म्हणावा तर एका रंगाच्या पट्ट्याचा आणि एका आकड्याचा. कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांना सगळा ‘परिवार’ एकसारखा दिसायला हवा असतो. माझं स्पष्ट मत आहे की औषधाच्या बाबतीत हा हट्ट गुन्ह्याच्या जवळ जाणारा आहे. कपाटात खोकी शेजारी शेजारी शोभून दिसावीत यासाठी कुणी गोचिडाचं औषध विकत घेत नाही.

हा सारखेपणा छापखान्यात आणखी धोकादायक होतो. कार्डबोर्डचा मोठा ताव मशीनवर चढतो तेव्हा त्यावर एका वेळी अनेक खोकी छापली जातात. काम थोडं असेल तर पैसे वाचवण्यासाठी एकाच तावावर दोन-तीन वेगवेगळी डिझाइन्स बसवायचा मोह होतो. मग डाय पंचिंग, म्हणजे साच्याने कापणं, मग खोकी सुटी करणं, मग पेस्टिंग, मग गठ्ठे. १० किलोच्या गठ्ठ्यात ४० किलोचं एक खोकं शिरायला एवढा प्रवास पुरेसा आहे. अमेरिकेच्या औषधनिर्मिती नियमांत म्हणूनच अशा एकत्र छपाईला बंदी आहे. आकार, ठेवण किंवा रंगाने ती पुरेशी वेगळी ओळखू येत असतील तरच सूट. आणि ते नियम माणसांच्या आणि जनावरांच्या औषधांना सारखेच लागू आहेत.

यापुढचा पहारा हिशेबाचा. पॅकिंग विभागाला लेबलं मोजून दिली जातात आणि बॅच संपल्यावर वापरलेली, खराब झालेली, नमुन्यासाठी काढलेली आणि उरलेली, सगळ्यांची बेरीज जुळावी लागते. बॅच बदलताना ‘लाइन क्लिअरन्स’ होतो. पट्ट्याखाली, मशीनच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्यात वाकून वाकून मागच्या बॅचचं एखादं चुकार खोकं राहिलंय का ते शोधायचं, दुसऱ्या माणसाने ते पुन्हा तपासायचं आणि दोघांनी सही करायची. घरात सोनं जपावं तसा इथे कागद जपला जातो. आतलं माहितीपत्रक राहून गेलं का, हे तर खोकं न उघडताच कळतं. लाइनवरचा काटा प्रत्येक खोकं धावता धावता तोलतो आणि दुमडलेल्या पातळ कागदाएवढं वजन कमी भरलं तरी त्याला बाजूला करतो.

आता भिंग आणा, दहापट मोठं दाखवणारं असेल तर उत्तम. खोक्यावरच्या कुत्र्याच्या तपकिरी अंगावर ते धरा. तपकिरी रंग गायब! निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके दिसतील, ठरलेल्या कोनांत रांगेने बसलेले. तपकिरी आपल्या डोक्यात तयार होतो. आता भिंग डोसच्या बारीक अक्षरांवर न्या. तिथे ठिपके नसावेत; एकाच शाईची सलग, धारदार अक्षरं असावीत. बारीक अक्षरं चार रंगांत छापली आणि एका रंगाची छपाईची प्लेट केसभर सरकली, की ०.६७ मधलं टिंब दोन सावल्यांत विरघळतं. रंगांच्या प्लेटा एकमेकींवर अचूक बसवण्यासाठीच (याला रजिस्ट्रेशन म्हणतात) तावाच्या कडेला बारीक फुल्या छापलेल्या असतात, ज्या कापून फेकल्या जातात आणि आपल्याला कधी दिसत नाहीत.

रंगाचा न्याय डोळ्यांवर सोपवत नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या साधारण आठ टक्के पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून मशीनवर बसणाऱ्याची रंगदृष्टी तपासावी लागते. त्यावरही भरवसा नको म्हणून स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. तो दोन रंगांमधलं अंतर आकड्यात सांगतो, त्याला ‘डेल्टा ई’ म्हणतात. १ च्या आसपासचा फरक सरावलेल्या नजरेलाही जेमतेम कळतो. शिवाय ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात नेले की वेगळे पडतात, असा एक चकवा आहे. त्यासाठी छापखान्यात ठरावीक प्रकाशाची पेटी असते, ५००० केल्व्हिनची, आणि मंजुरी तिच्यातच मिळते. ग्राहकाकडे मंजुरीसाठी जातं ते शेड कार्ड: मधोमध हवा तो रंग, एका बाजूला चालेल इतका फिका, दुसऱ्या बाजूला चालेल इतका गडद.

किमतीच्या बारकोडचीही एक गंमत. तो लाल शाईत छापला तर दुकानातला स्कॅनर आंधळा होतो. त्याचा प्रकाश बहुधा लाल असतो. लाल रेघ आणि पांढरा कागद दोन्ही तो सारखाच परत पाठवतात. आपल्याला ढळढळीत दिसणाऱ्या रेघा, आणि यंत्राला कोरा कागद.

खोकं जरा तिरपं करून उजेडात धरलं तर त्याच्या चकाकीत एक मंद चौकोन दिसेल. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख त्यातच छापलेली असते. तेवढ्या जागी मुद्दाम व्हार्निश लावलेलं नसतं, कारण गुळगुळीत व्हार्निशवर तारखेची शाई धरत नाही, बोट लागलं की पुसते. थेंबांच्या बाबतीत शाईची परीक्षा आणखी कडक असते. हे द्रव मुळात द्रावक असतात. फर्निचरचं पॉलिश, चामडं, प्लॅस्टिक यांना लागू देऊ नका, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं ते उगीच नाही. उघडताना ओघळलेला एक थेंब पिपेटवरचं, म्हणजे औषधाच्या छोट्या नळीवरचं, ‘फक्त कुत्र्यांसाठी’ पुसून टाकू शकतो. म्हणून छापलेला नमुना वजनाखाली ठरावीक वेळा घासून बघतात.

शाई पुसणं एक, आणि शाईचं आत शिरणं दुसरं. २००५ मध्ये इटलीत लहान मुलांचं लाखो लिटर दूध जप्त झालं, कारण पुठ्ठ्याच्या बाहेरच्या छपाईतलं आयटीएक्स नावाचं रसायन दुधात सापडलं. शाई पुठ्ठा भेदून गेली नव्हती. छापलेला कागद गुंडाळून ठेवला की एका वेढ्याची छापील बाजू दुसऱ्याच्या आतल्या बाजूला टेकते. तिथून ते उतरलं. गोळ्यांच्या पाकिटांसाठीही हीच काळजी घ्यावी लागते.

गोळ्यांच्या फॉइल आणि ब्लिस्टर पाकिटांची गळती बघायची जुनी रीत तर शाळेतल्या प्रयोगासारखी आहे. निळं मिथिलीन ब्ल्यू मिसळलेल्या पाण्यात पाकिटं बुडवायची, वरची हवा ओढून घ्यायची आणि मग परत सोडायची. कुठे सुईच्या टोकाएवढं छिद्र असेल तर आतली हवा बाहेर पडते आणि तिच्या जागी निळं पाणी शिरतं. पाकीट पुसून उघडायचं. गोळी निळी तर बॅच अडकली.

मुलांच्या हाती लागू नये म्हणून अमेरिकेत अशा पॅकिंगची परीक्षा चक्क मुलंच घेतात. साडेतीन ते सव्वाचार वर्षांची मुलं, दोन दोन जणांना बसवून पाच मिनिटं. उघडलं नाही तर मोठं माणूस उघडून दाखवतं, ‘हवं तर दात लाव’ असंही सांगितलं जातं आणि आणखी पाच मिनिटं मिळतात. किमान ८० टक्के मुलं हरली तरच पॅकिंग पास. पन्नाशी ते सत्तरीच्या माणसांना मात्र तेच उघडता आलं पाहिजे. कुत्र्याच्या दातांसाठी अशी परीक्षा माझ्या वाचनात नाही, आणि हल्लीच्या गोचिडाच्या गोळ्या तर मुद्दाम मांसाच्या चवीच्या करतात. सगळा डबा एकदम फस्त करायला त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? औषध नियम १९४५ (आधीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधल्या ९७ व्या नियमानुसार फक्त जनावरांसाठी केलेल्या औषधावर ‘माणसांसाठी नाही, केवळ प्राण्यांच्या उपचारासाठी’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आणि पाळीव प्राण्याच्या डोक्याचं चिन्ह लागतं. कुठला प्राणी ते नियम सांगत नाही. तेव्हा पॉमेरेनियन कुत्र्याच्या औषधावर बैलाचं डोकं दिसलं तर दचकू नका.

छपाईच्या या सगळ्या कसरतीतला माझा आवडता तुकडा मात्र लसीच्या बाटलीवर असतो. फ्रीजमधून, २ ते ८ अंशांतून बाहेर काढली की बाटलीला घाम फुटतो; तरी लेबल घट्ट राहायला हवं. आणि त्याच लेबलाचा एक भाग डॉक्टरांनी नखाने उचलला की अलगद सुटायला हवा आणि तुमच्या कुत्र्याच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत वर्षानुवर्षं चिकटून राहायला हवा. एकाच इवल्या कागदात दोन ताकदींचा गोंद. त्यावर लसीचं नाव, बॅच आणि मुदत. उद्या त्या बॅचमध्ये काही निघालंच, तर शोध लागतो तो या चिकटपट्टीवरून.

कारखान्याचा पहारा दुकानाच्या दारात संपतो. पुढे कात्री येते. स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या कापून देताना मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर राहते, माहितीपत्रक कुणाकडेच राहत नाही, आणि ज्यावर मांजरीची लाल फुली होती ते खोकं टोपलीत जातं. तेव्हा प्राण्याचं औषध पूर्ण खोक्यासकट मागून घ्या, कापलेलं घेऊ नका. कुत्र्याचं वजन अंदाजाने सांगू नका, काट्यावर करून घ्या. कुत्र्याच्या पिपेटमध्ये थोडं उरलं म्हणून ते मांजरीला कधीही लावू नका. आणि औषधाचा असर असेपर्यंत खोकं फेकू नका; काही झालंच तर डॉक्टर आधी तेच मागतील.