वाकसाचा दांडा ढिला का होतो?

तंजावरची वीणा फणसाच्या लाकडातून कोरतात. पोट, मान आणि डोकं एकाच ओंडक्यातून निघाली, तर ती ‘एकांड’ वीणा. या भागांमध्ये एकही जोड नाही! पण लाकूड तासणाऱ्या सुताराच्या वाकसाला मात्र जोड असतोच. लोखंडाच्या नेढ्यात लाकडाचा दांडा बसवलेला असतो. आज घट्ट असलेला हा दांडा काही वर्षांनी खुळखुळायला लागतो. का?

‘झिजला असेल,’ असं आपण म्हणतो. पण दांडा बाहेर काढून पाहा. नेढ्यातल्या भागावर घासल्याच्या खुणा थोड्याच दिसतील. लाकूड दबून गुळगुळीत, चकचकीत झालेलं दिसेल. त्याला एवढं दाबलं कुणी?

त्याचं त्यानंच!

लाकूड म्हणजे कावेरीकाठच्या भाताच्या पेंढ्याची जुडी समजा. जुडी भिजली की जाड होते, लांब होत नाही. लाकडाच्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू बहुतांशी उभे रचलेले असतात आणि हवेतली वाफ त्यांच्या मधल्या फटींत शिरते. तंतू बाजूला सरकतात, पण त्यांची लांबी जवळपास तेवढीच राहते. ओलं लाकूड पूर्ण वाळलं, तर लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आटतं आणि वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं बऱ्याच जातींत ६ ते १० टक्के. एकाच तुकड्यात एवढा फरक!

आता ऋतू आठवा. आपल्याकडे जून-जुलैत धो धो पाऊस पडतो, तर तंजावरला मुख्य पाऊस येतो ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर. तंजावरला मराठी राज्य स्थापणाऱ्या व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात तिकडे गेलेल्या मराठी घरांना पावसाळ्याचे महिने नव्यानं शिकावे लागले असणार. महिने कुठलेही असोत, दांड्याचं नशीब दोन्हीकडे सारखंच. दमट हवेत ३० मिलिमीटर रुंदीचं लाकूड सहज अर्धा मिलिमीटर फुगू पाहतं. लोखंड ओलाव्यानं फुगत नाही आणि उन्हानं वाढलं तरी ती वाढ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासच असते. नेढं जागचं हलत नाही. मग फुगणाऱ्या लाकडानं जावं कुठे? ते स्वतःच्याच पेशी चिरडतं.

खरी गंमत पुढे आहे. उन्हाळ्यात दांडा वाळतो आणि आटतो, पण चिरडलेल्या पेशी पूर्ववत होत नाहीत. म्हणून तो पहिल्यापेक्षाही बारीक होतो. पावसात घट्ट बसला म्हणून आपण खूश असतो आणि नेमकं तेव्हाच तो ढिला व्हायची तयारी करत असतो!

आता कळलं ना, हत्यार रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याचा उपाय का फसतो? सकाळी दांडा घट्ट लागतो खरा, पण आत आणखी पेशी चेंगरलेल्या असतात. वाळला की आधीपेक्षा जास्त खुळखुळतो. मला हा उपाय मुळीच मान्य नाही.

मग इलाज काय? पाचर! नेढं एका तोंडाशी थोडं रुंद असतं. दांडा अरुंद तोंडातून घालायचा, म्हणजे त्याचं टोक रुंद तोंडाशी येतं. त्या टोकाला करवतीनं चीर द्यायची, नेढ्याच्या खोलीच्या साधारण दोन तृतीयांश. चिरेत कोरड्या, टणक लाकडाची पाचर ठोकली की टोक फाकतं आणि नेढ्याचा रुंद भाग भरून टाकतं. आता हत्याराचं डोकं निसटायचं, तर फाकलेल्या लाकडाला अरुंद तोंडातून जावं लागेल. ते कसं जाणार? चिरडून गेलेली जागा पाचर भरून काढते, शिवाय जोडाचा आकारच बदलून टाकते.

पाचर मारण्याआधी दांडा पुरता आत बसवायचा, आणि तो कसा बसवतात हे पाहण्यासारखं असतं. हत्यार हवेत धरायचं, लोखंड खाली आणि दांडा वर. मग दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी हातोड्यानं ठोके द्यायचे. खाली कसलाच आधार नसतो! तरी प्रत्येक ठोक्याला दांडा लोखंडात आणखी शिरतो. जड लोखंड जागचं हलायला तयार नसतं, हलका दांडा मात्र पुढे सरकतो. न्यूटननं हे जडत्व १६८७ मध्ये नियमात मांडलं. जगभरचे सुतार आणि लोहार ते त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते.

नवा दांडा हवा असेल तर बाभळीचा घ्यावा. चिवट लाकूड, आणि महाराष्ट्रात मिळतं तसं तमिळनाडूतही मिळतं. फक्त ते पूर्ण वाळलेलं हवं. हे काम पावसाआधीच्या कोरड्या दिवसांत करावं. दांडा तेव्हा सगळ्यात बारीक असतो, म्हणून तेव्हा घट्ट बसलेली पाचर वर्षभर टिकते. शेवटी दांड्याच्या कापलेल्या टोकाला जवसाचं तेल भरपूर पाजा. ओलावा सगळ्यात वेगानं शिरतो तो तिथूनच.