‘ओन्ली’ म्हणजे फक्त

इंग्रजीत ओ, एन, एल, वाय या चार अक्षरांचा एक शब्द आहे. त्याचा उच्चार ‘ओन्ली’. शब्द लहान आहे, पण तो वाचायचा राहिला तर मोठे नुकसान होते. म्हणून त्याची माहिती लिहीत आहे.

ओन्लीचा अर्थ फक्त. मराठीत त्यासाठी पुष्कळ शब्द आहेत. फक्त, केवळ, मात्र, नुसता, आणि शब्दाला चिकटणारा ‘च’. ‘फक्त’ हा शब्द मूळचा अरबी आहे. तो फारसीतून मराठीत आला. ‘केवळ’ संस्कृतातला आहे. घरी आपण ‘नुसतं’ जास्त बोलतो. आई म्हणते, “नुसता भात खाऊ नको, आमटी घे.”

ओन्ली वाक्यात कुठे बसतो त्यावर अर्थ बदलतो. ही तीन वाक्ये पाहा.

१) ओन्ली रामा ईट्स राइस. म्हणजे रामाच भात खातो. बाकी कोणी खात नाही.
२) रामा ईट्स ओन्ली राइस. म्हणजे रामा भातच खातो. भाकरी खात नाही.
३) रामा ओन्ली ईट्स राइस. म्हणजे रामा भात नुसता खातो. आवणीला चिखलात उतरत नाही!

तिसरे वाक्य बोलताना दुसऱ्याच्या अर्थानेही वापरतात. म्हणून लिहिताना ओन्ली ज्या शब्दासाठी आहे त्याच्या अगदी जवळ लिहावा.

आपला ‘च’ शब्दाच्या मागे लागतो. ओन्ली बहुतेक वेळा शब्दाच्या आधी येतो. ‘कालच’ म्हणायचे असेल तर ‘ओन्ली येस्टर्डे’. आपल्याकडे पुष्कळ लोक ‘येस्टर्डे ओन्ली’ म्हणतात, कारण त्यांच्या मनात आपला ‘च’ असतो.

आता हा शब्द कामाला कुठे येतो ते सांगतो.

पावतीवर किंवा चेकवर अक्षरी रक्कम लिहून शेवटी ओन्ली लिहितात. मराठीत ‘रुपये पाचशे फक्त’ किंवा ‘रुपये पाचशे मात्र’ असे लिहितात. समजा, कोणी ‘रुपये पाच’ एवढेच लिहिले आणि पुढे जागा मोकळी सोडली. मग दुसरा माणूस तिथे ‘हजार’ लिहू शकतो. ‘फक्त’ लिहिले की रक्कम तिथे संपली. आकड्यातसुद्धा ५००/- अशी खूण करतात, ती पुढे शून्य वाढवू नये म्हणून. चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी ओन्ली’ लिहिले तर पैसे नाव असलेल्या माणसाच्या खात्यातच जमा होतात. खिडकीवर रोख मिळत नाहीत.

औषधावर तर हा शब्द पाहिलाच पाहिजे. भारतात १९४० साली औषधांचा कायदा झाला आणि १९४५ साली त्याचे नियम झाले. नियमाप्रमाणे चोळायच्या व लावायच्या औषधांवर ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ असे छापावे लागते. त्याचा अर्थ, फक्त बाहेरून लावण्यासाठी. ते पोटात घ्यायचे नाही. गुरांच्या औषधावर ‘फॉर ॲनिमल ट्रीटमेंट ओन्ली’ असे असते आणि जनावराच्या तोंडाचे चित्रही असते. ते औषध फक्त जनावरांना द्यायचे. माणसाने घ्यायचे नाही. दोन बाटल्या सारख्या दिसल्या आणि एकाच फळीवर ठेवल्या, तर रात्री चूक होऊन जीवावर बेतू शकते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. त्याआधी आपल्या शाळांत पाचवीपासून शिकवत. आजी-आजोबांना तर कित्येकदा इंग्रजी वाचता येत नाही. ते विचारतात, “पोरा, हे पोटात घ्यायचं का नुसतं चोळायचं?” आपण अंदाजाने सांगू नये. बाटली हातात घेऊन ओ, एन, एल, वाय ही अक्षरे शोधावीत आणि त्यांच्या मागचेपुढचे शब्द वाचावेत. शब्द कळला नाही तर गुरुजींना, दवाखान्यातल्या सिस्टरना किंवा औषधाच्या दुकानात विचारावे, आणि कळेपर्यंत औषध देऊ नये.

आज घरी गेल्यावर फळीवरच्या सगळ्या बाटल्या वाचून पाहा. गुरांची औषधे वेगळी ठेवा, जमले तर गोठ्यात उंचावर ठेवा.

— इयत्ता ४ थी