शिक्षकांचा शिणवटा आणि शाळेचे नेतृत्व

शिक्षक दमतो, यात नवल नाही. रात्रीच्या झोपेने किंवा दिवाळीच्या सुटीने जो उतरतो तो साधा थकवा. परंतु सुटी संपवून परतताना शाळेचे फाटक दृष्टीस पडताच जो पुन्हा अंगावर येतो, त्याची जात वेगळी आहे. त्यालाच आज ‘बर्नआउट’ म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली त्याचे वर्णन केले, ते न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणाऱ्या कार्यकर्त्यांना पाहून. ही गोष्ट आपल्यासारख्या संस्थांनी विशेष ध्यानात घ्यावी. कामचुकार माणूस सहसा असा जळून जात नाही. ज्याने कामात जीव ओतला, त्याच्याच वाट्याला हे येते.

पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी या अवस्थेची मोजपट्टी तयार केली. तीत तीन गोष्टी पाहिल्या जातात. मन आतून रिते होणे, ही पहिली. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयीच कोरडेपणा येणे, ही दुसरी. ‘ही पोरे असलीच’ असे एखादे प्रेमळ गुरुजी म्हणू लागले, की ती ओळखावी. आणि ‘माझ्या शिकवण्याने काय फरक पडतो’ ही भावना, ही तिसरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न मानता कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न हाताळलेल्या तणावाचा परिणाम मानले. म्हणून त्याचे कारण शिक्षकाच्या स्वभावात शोधण्याआधी शाळेच्या कारभारात शोधले पाहिजे.

निवासी शाळेत कामाचा भार मुळातच मोठा. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत शिक्षकासाठी पूर्वतयारीसह आठवड्याला ४५ तास सांगितले आहेत. वसतिगृह सांभाळणाऱ्या शिक्षकाचे तेवढे तास आठवडा संपण्याच्या कितीतरी आधी भरतात. गंगाखेड, पालम, जिंतूर भागातील अनेक आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्यांच्या लेकरांचा ताप, भांडण, रात्रीचे रडणे हे सारे शिक्षकाच्या पदरी येते. त्यावर यू-डायसची माहिती, जनगणना, निवडणूक. नव्या शिक्षकाची उमेदीची पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून ठरावीक मानधनावर जातात. २०२३ मध्ये प्राथमिकसाठी ते ६ हजारांवरून १६ हजार झाले, तरी एवढ्यात घर चालवणे सोपे नाही.

यातले बरेचसे मुख्याध्यापकाच्या हातात नाही. मग नेतृत्वाने फरक तो काय पडणार? उत्तर रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या विचारात सापडते. माणसाला सर्वाधिक पोखरते ते असे काम, ज्यात मागणी मोठी आणि स्वतःच्या निर्णयाला वाव अगदी थोडा. दुपारी चार वाजता कार्यालयातून निरोप येतो : उद्या सकाळी दहापर्यंत माहिती सादर करा. एक मुख्याध्यापक तो निरोप तसाच पुढे ढकलतात. ‘वरून आदेश आहे’ एवढेच सांगतात. दुसरे सर्वांना पाच मिनिटे बसवतात, काम वाटून देतात, कोणाचा कोणता तास सांभाळायचा ते विचारतात आणि चूक निघाली तर अधिकाऱ्यांसमोर स्वतः उभे राहतात. माहिती तीच, रात्रही तीच. पण पहिल्या शाळेत शिक्षक घरी जातो तो अपमानित होऊन.

कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये सुमारे दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर नेतृत्वाचे प्रयोग प्रसिद्ध केले. हुकूमशाही पद्धतीच्या गटात नेता समोर असेपर्यंत काम चाले, तो बाहेर पडला की मंदावे. विचारविनिमयाने चालणारा गट त्याच्यामागेही कामात राहत असे. आपले मुख्याध्यापक आठवड्यातून किती वेळा परभणीच्या शिक्षण कार्यालयात असतात, हे पाहता हा निष्कर्ष आपल्याला चांगलाच लागू पडतो! त्या प्रयोगात तिसराही प्रकार होता, सारे मोकळे सोडून देणाऱ्या नेत्याचा. ‘सर स्वभावाने फार चांगले, कुणाला काही बोलत नाहीत’ असे आपण कौतुकाने म्हणतो. अशा शाळेत निर्णय कोण घेतो हेच कळत नाही, आणि ज्यांना नाही म्हणता येत नाही अशा दोघा-तिघांच्या अंगावर सगळे येऊन पडते.

ध्येयवादी संस्थांत आणखी एक धोका असतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. समाजाचे ऋण फेडायचे आहे, ही जाणीव आपल्या शाळांची खरी शक्ती. पण तीच जाणीव ‘अजून थोडे करा’ म्हणण्याचे साधन झाली, की शिक्षकाला दमल्याचे बोलणेही द्रोह वाटू लागते. येथे सोण भिक्षूची कथा आठवते. चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तरी साधना फळेना. तेव्हा तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तथागतांनी त्याच्या कष्टांची वाहवा केली नाही, त्याला रागावलेही नाहीत. ते स्वतः त्याच्याकडे गेले आणि तो पूर्वी वीणा वाजवीत असे हे जाणून तारांविषयीच विचारले : फार ताणली तर? फार सैल सोडली तर? ही कथा आपण शिष्याला मध्यम मार्ग शिकवण्यासाठी सांगतो. नेत्याने दमलेल्या माणसाशी कसे बोलावे, हेही तीत आहे.

महाराष्ट्रात जवळचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे. विस्तार अधिकारी म्हटले की तपासणी डोळ्यांसमोर येते. प्रतिभा भराडे यांनी त्या पदावरून जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावादी अध्यापन उभे केले. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. दुर्दैवाने, अनेक ठिकाणी पोहोचली ती फरशीवरची रेखाटने. अधिकारी आणि शिक्षक यांच्यातले नाते नक्कल करून आणता येत नाही.

नेतृत्व एकट्या मुख्याध्यापकाचेही नसते. संस्थाचालक, शाळा समिती, पालक, माजी विद्यार्थी हे सारे त्यात येतात. साधी फोनची बाब घ्या. कारखान्यावरच्या कोपीत राहणाऱ्या आईला लेकराची चौकशी करायला सवड मिळते ती रात्री दहानंतर. तिला ‘उशिरा फोन करू नका’ सांगणे अन्यायाचे, आणि रोज त्याच शिक्षकाने झोपेतून उठणे हेही अन्यायाचेच. वसतिगृहात एक फोन, त्याची लावलेली पाळी, आणि रात्री जागलेल्याला सकाळचा पहिला तास मोकळा, एवढे संस्थेला सहज करता येते. त्या पाळीत आठवड्यातली एखादी रात्र जवळपास राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनीही उचलावी.