गुंजभर अधिक

टी. नरसीपूरला कावेरी आणि कबिनी यांच्या संगमावर गुंजा नरसिंहाचे मंदिर आहे. मूर्तीच्या हाती गुंज आहे. काशीहून हे क्षेत्र गुंजभर अधिक पुण्यप्रद, असा तिचा अर्थ येथे सांगितला जातो. निवृत्तीनंतर मी या गावी राहतो. संगमावर रोज भेटणारे माझे एक शिक्षक स्नेही न्याहारीनंतर न चुकता एक गोळी घेतात. त्यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग आहे.

या व्याधीत नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलतात आणि एक जोडप्रथिन तयार होते. पेशींची वाढ आणि मृत्यू यांवर नियंत्रण ठेवणारा संदेश त्यामुळे अखंड चालू राहतो. पांढऱ्या पेशी वाढत जातात, वेळेवर मरत नाहीत. इमॅटिनिब हे औषध त्या प्रथिनाच्या खाचेत बसून संदेश थांबवते. अमेरिकेत त्याला मे 2001 मध्ये मान्यता मिळाली.

त्याच्या एका स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिसने भारतात पेटंट मागितले. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे 1 लाख 20 हजार रुपये होता. देशी कंपन्यांचे औषध आठ-दहा हजारांत मिळे. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने अर्जाला विरोध केला आणि जानेवारी 2006 मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने तो फेटाळला. 1 एप्रिल 2013 रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनीही कंपनीचे अपील अमान्य केले. ज्ञात द्रव्याचे नवे रूप अधिक गुणकारी असल्याखेरीज पेटंटास पात्र नाही, असे कलम 3(डी) सांगते. नवे रूप शरीरात 30 टक्के अधिक शोषले जाते, हा कंपनीचा युक्तिवाद होता. तेवढ्याने रोगावरील गुण वाढल्याचे सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. गुंजभर अधिक हा दावा भाविकाला पुरतो. मक्तेदारीला तो पुरू नये.

हे कलम 2005 साली डाव्या पक्षांशी झालेल्या तडजोडीतून आजच्या रूपात आले. आघाडी सरकारांना नावे ठेवण्याची आम्हा अधिकाऱ्यांना सवयच होती, म्हणून हे सांगतो. कंपनी हजारो रुग्णांना औषध विनामूल्य देत होती, हेही नमूद केले पाहिजे. परंतु दान हा हक्क नव्हे.

गेल्या महिन्यात स्नेह्यांच्या रक्तात ते प्रथिन पुन्हा वाढलेले आढळले. या गोळीला ते आता दाद देत नाही. डॉक्टरांनी पुढच्या पिढीचे औषध सुचवले आहे. स्नेह्यांनी मला प्रथम त्याची किंमत विचारली, आणि मग त्याचे पेटंट कधी संपते ते.