वितळणाऱ्या फुलांचा फोटोग्राफर

मुलांनो, मुंगीच्या तोंडाशी कॅमेरा नेऊन तिचा डोळा टिपायचा म्हणजे काय काय करावं लागतं, ते आज सांगतो. पण त्याआधी एका शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट ऐका. मुंगी फार तर पळून जाते. हा पोरगा ज्याच्या मागे लागला होता, ते बघता बघता वितळून जायचं.

अमेरिकेत व्हरमाँट नावाचं थंडगार राज्य आहे. तिथल्या जेरिको गावात १८६५ साली विल्सन बेंटली जन्मला. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती, तिनंच त्याला घरी शिकवलं. तो पंधरा वर्षांचा झाल्यावर तिनं त्याला एक जुना सूक्ष्मदर्शक दिला. विल्सननं त्याच्याखाली धरला आकाशातून पडलेला बर्फाचा कण, आणि तो थक्कच झाला! सहा पाकळ्यांचं फूल, पाकळीला नक्षी, नक्षीला पुन्हा नक्षी. मग दुसरा कण, तोही सहा पाकळ्यांचा, पण नक्षी निराळी. तो कागदावर चित्र काढायला बसायचा. चित्र अर्ध्यावर यायच्या आत फुलाचं पाणी झालेलं असायचं. आणि गेलेलं फूल पुन्हा कधीच दिसायचं नाही.

त्याला कॅमेरा हवा होता. वडिलांना हा नाद काही पटत नव्हता, तरी त्यांनी पैसे काढले. विल्सननं भात्याचा कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडला. तुमच्या आजीच्या पेटीला भाता असतो ना, तसाच घडीघडीचा, ताणला की लांब होणारा.

आता हा भाता कशाला, ते नीट ऐका, कारण सगळी खुबी तिथंच आहे. लांबचा डोंगर बघताना भिंगाच्या मागे अगदी जवळ त्याची इवलीशी प्रतिमा पडते. भिंगापासून त्या प्रतिमेपर्यंतचं अंतर म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर. वस्तू भिंगाजवळ आणत गेलात की प्रतिमा मागे मागे सरकते आणि मोठी होत जाते. वस्तू नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर आली की प्रतिमाही मागे तेवढ्याच अंतरावर पडते आणि वस्तूएवढीच होते. म्हणजे ५ मिलिमीटरची मुंगी सेन्सरवर, कॅमेऱ्यात प्रतिमा टिपली जाते तिथंही, ५ मिलिमीटरचीच. याला एकास एक म्हणतात, आणि अगदी जवळून फोटो काढायची खरी मॅक्रो लेन्स निदान इथवर पोहोचते. त्या मागे सरकणाऱ्या प्रतिमेला कॅमेऱ्यात जागा हवी. विल्सनच्या वेळी ती भाता द्यायचा. आज साधी लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक पोकळ नळी बसवतात, एक्स्टेन्शन ट्यूब. तिच्यात काच नसतेच! ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्सला ५० मिलिमीटरची नळी लावा, एकास एक मिळालं. काही जण लेन्स चक्क उलटी लावतात, तेही छान चालतं.

पण इतक्या जवळ जायची किंमत पडते. प्रतिमेचं अंतर दुप्पट झालं की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी पावच पोहोचतो. दुसरी किंमत खोलीची. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, एकास एकला आणि एफ ८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मध्यम ठेवून, स्पष्ट दिसणारा थर जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. मुंगीचा डोळा लख्ख आला की मागचे पाय धूसर. छिद्र फार बारीक करून पाहिलंत तर कडांवरून प्रकाश वाकतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून हल्ली फोकस केसभर पुढे सरकवत ओळीनं पुष्कळ फोटो घेतात आणि संगणकावर त्यांतले स्पष्ट भाग जोडतात.

विल्सनकडे संगणक नव्हता, पण त्याचे कण सपाट होते, तेवढं निसर्गानं त्याला झुकतं माप दिलं. बाकी कष्ट त्याचेच. शेड मुद्दाम गार ठेवलेली. काळ्या फळीवर बर्फ झेलायचा, बारीक काडीनं एक कण उचलून काचेवर ठेवायचा, पिसानं हलकेच दाबायचा, आणि श्वास रोखायचा. उच्छ्वासाची ऊब लागली तरी फूल संपलं. कॅमेरा इतका लांब झाला की मागे उभं राहून फोकसच्या चाकापर्यंत हात पोहोचेना, तर त्यानं दोरी आणि चाकं लावून युक्ती केली. अखेर १५ जानेवारी १८८५ ला हिमस्फटिकाचा पहिला फोटो मिळाला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

पुढची सेहेचाळीस वर्षं तो हेच करत राहिला. पाच हजारांहून जास्त फोटो काढले, आणि त्यांत त्याला एकसारखे दोन कण कधी सापडले नाहीत. १९३१ साली 'स्नो क्रिस्टल्स' हे त्याचं पुस्तक निघालं, दोन हजारांहून जास्त चित्रांचं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हिमवादळातून घरी आल्यावर त्याला न्यूमोनिया झाला आणि तो गेला.

मला त्याची एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यानं हिमकणाला उबेत ओढून आणलं नाही, स्वतःच थंडीत जाऊन उभा राहिला. आज काही जण किडा हलू नये म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवून मग फोटो काढतात. हे चूक आहे, असं मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. किडा पहाटे आपणहूनच गारठून स्तब्ध बसलेला असतो, अंगावर दव घेऊन. जरा लांबून टिपायचा असेल तर १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्या, ती त्याच्यापासून साधारण १४-१५ सेंटिमीटरवर राहूनही एकास एक देते. १८० ची घेतलीत तर वीतभर लांब राहता येतं. पावसाळ्यात कासच्या पठारावर गेलात तर दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती दिसेल, तिच्या प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब असतो. तिथं पाऊलवाट सोडू नका, झाड उपटू नका, फूल वळवू नका. कडेला गुडघे टेकून बसा आणि भिंग डोळ्याला लावा. कॅमेरा नसला तरी चालेल.